टॅलीतला डेटा पॉवर बीआयमध्ये: एजन्सीचा पहिला रिपोर्ट कसा बसवायचा?

कोयनाकाठ

मंडळी, नमस्कार. काकांची कराडला एफएमसीजीची एजन्सी आहे. बिस्किटं, साबण, केसांचं तेल, फरसाण असा माल. सहा सेल्समन, नऊशेच्या आसपास दुकानं. उंब्रज, मसूर, ओगलेवाडी, पाटण अशी बीटं (सेल्समनच्या फेरीचे ठरलेले भाग). बिलिंग टॅली प्राइमवर चालतं. त्याआधी एक जुनं पॅकेज होतं, त्यातला मार्च २०२४ पर्यंतचा डेटा सीएसव्हीत काढून ठेवलाय.

काकांना आता सगळं "एका नजरेत" पाहिजे. मध्यंतरी एकजण येऊन रंगीबेरंगी डॅशबोर्ड दाखवून गेला. वर्षाचं भाडं ऐकल्यावर काकांनी त्याला चहा पाजून वाटेला लावलं आणि काम माझ्या गळ्यात आलं. मी मेकॅनिकलवाला. एक्सेलमध्ये व्हीलुकअप आणि पिव्होट जमतं, पुढे अंधार. लॅपटॉप विंडोज ११, आठ जीबी रॅम.

पॉवर बीआय (मायक्रोसॉफ्टचं रिपोर्ट बनवायचं सॉफ्टवेअर) घ्यावं की दुसरं काही? बसवताना काय सांभाळायचं? आणि पहिला रिपोर्ट कुठून सुरू करायचा? यूट्यूबवर सगळे अमेरिकेतल्या सायकलींच्या विक्रीचा डेटा घेऊन बसलेत, त्यात ना उधारी ना बीट.

आकडेबहाद्दर

सॉफ्टवेअरचं नंतर बघू. काका सकाळी दुकान उघडल्यावर सेल्समनला पहिला प्रश्न काय विचारतात? तो शब्दशः इथे लिहा. "सगळं एका नजरेत" हा प्रश्न नव्हे. तशी मागणी आली की चौदा चार्टचं पान तयार होतं आणि दुसऱ्या आठवड्यापासून ते कोणी उघडत नाही. माझा रोजचा धंदाच हा आहे, त्यामुळे अशी पानं भरपूर बघितली आहेत.

पिव्होटपंत

नऊशे दुकानांना पॉवर बीआय कशाला हो? एक्सेलमध्ये २०१६ पासून पॉवर क्वेरी (डेटा आणून साफ करायचं साधन) आतच आहे. पिव्होट लावा, स्लायसर लावा, प्रिंट काढा, काकांच्या टेबलावर ठेवा. तोफेने डास मारायचा सोस सोडा.

सह्याद्रीवेडा

मेटाबेस बघा, तेही रिपोर्टसाठीच आहे. ओपन सोर्स आहे, स्वतःच्या मशीनवर चालतं, ब्राउझरमध्ये उघडतं. आम्ही ऑफिसात तेच वापरतो. फक्त चाचणीपुरतं बसवलं असेल तर ते स्वतःची माहिती एचटू नावाच्या आतल्या डेटाबेसमध्ये ठेवतं. खऱ्या वापराआधी ती पोस्टग्रेसवर हलवायची. न हलवता वर्षभर रिपोर्ट बनवत बसलात तर एखाद्या दिवशी रडाल.

आकडेबहाद्दर

@सह्याद्रीवेडा, मेटाबेस उत्तम आहे, पण त्याला खाली एसक्यूएल डेटाबेस लागतो. यांच्याकडे आहे टॅली आणि काही सीएसव्ही. आधी डेटाबेस उभारा, मग टॅलीतून त्यात डेटा ओता, मग मेटाबेस. मेकॅनिकलवाल्या पुतण्याला एवढं पहिल्याच फेरीत नको.

@पिव्होटपंत, तुमचं निम्मं पटलं. एक्सेलमधली पॉवर क्वेरी आणि पॉवर बीआयमधली एकच. इथे शिकलेलं तिथे चालतं. पण यांना पुढेमागे मोबाइलवर बघायचं असणार, आणि तीन-चार टेबलं जोडून मोजमाप करायचं असेल तर पॉवर बीआय डेस्कटॉप सरळ पडतं. शिवाय फुकट आहे.

गूगलचं लुकर स्टुडिओही (२०२२ पर्यंत डेटा स्टुडिओ म्हणायचे ते) फुकट आहे आणि शेअर करायला साधं जीमेल पुरतं. डेटा आधीच गूगल शीटमध्ये असता तर मी तेच सुचवलं असतं. पण टॅलीच्या एक्सेलची साफसफाई तिथे नीट होत नाही, आणि या कामात साफसफाईच सत्तर टक्के आहे.

कोयनाकाठ

काकांना विचारलं. ते म्हणाले, "विक्री किती झाली ते मला गल्ला सांगतो. कुठल्या दुकानानं आपल्याकडनं माल घ्यायचा बंद केला ते सांग. सेल्समन सांगत नाही, दोन महिन्यांनी दुसऱ्याच एजन्सीचा टेम्पो दारात दिसतो तेव्हा कळतं."

आकडेबहाद्दर

वा! काकांना माझा नमस्कार सांगा. पन्नास हजार पगाराच्या मॅनेजरलाही इतका नेमका प्रश्न विचारता येत नाही.

आता बघा, या एका वाक्याने निम्मं काम हलकं झालं. "कोण यायचं थांबलं" याला कुठला माल गेला ते लागत नाही. म्हणजे टॅलीतून आयटमवार रजिस्टर काढायची गरजच नाही. ते काढलं की पार्टीचं नाव आणि खाली बिस्किटांची नावं एकाच कॉलममध्ये येतात आणि ती सोडवताना जीव जातो. तुम्हाला एका बिलाची एक ओळ पुरे: तारीख, पार्टी, बिल नंबर, रक्कम. सेल्स रजिस्टर कॉलमनर स्वरूपात काढा, महिन्याची एक एक्सेल फाइल.

बसवण्याबद्दल. पॉवर बीआय डेस्कटॉप फक्त विंडोजवर चालतं, त्यामुळे तुमचा लॅपटॉप चालेल. वर्षाला पन्नासेक हजार बिलं होतील, त्याला आठ जीबी चिकार. मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधून घ्या, दर महिन्याला नवी आवृत्ती येते ती आपोआप बसते. उघडताना साइन-इन मागेल, ते बंद करून पुढे जा. नुसतं बनवायला खातं लागत नाही.

मग कुठलीही फाइल आणण्याआधी ऑप्शन्समध्ये दोन गोष्टी करा. डेटा लोड खाली "ऑटो डेट टाइम" असतं, ती खूण काढा. ती राहिली तर प्रत्येक तारखेच्या कॉलममागे एक लपलेलं कॅलेंडर तयार होतं, तेही जानेवारी ते डिसेंबर. आपलं वर्ष एप्रिलला सुरू होतं. दुसरं म्हणजे चालू फाइलच्या रिजनल सेटिंगमध्ये इंग्लिश (इंडिया) निवडा. हे का, ते तुमची जुनी सीएसव्ही उघडल्यावर कळेल.

म्हापशेकर

आमचे म्हापशात औषधांचे होलसेल आहे, टॅलीच. एक्सेल काढत बसण्यापेक्षा ओडीबीसीने (एका प्रोग्रॅममधला डेटा दुसऱ्यात नेणारी जोडणी) थेट जोडता येते ना? टॅली पोर्ट ९००० वर बसते असे कुणीतरी सांगितले होते.

आकडेबहाद्दर

येतं जोडता. पण सरळ ओडीबीसीतून लेजर (खाती) आणि स्टॉक आयटम अशी मास्टर्स, म्हणजे मूळ याद्या, मिळतात. व्हाउचर, म्हणजे बिलं, हवी तशी मिळत नाहीत. त्याला टीडीएल (टॅलीची स्वतःची प्रोग्रॅमिंग भाषा) लिहून घ्यावं लागतं किंवा एक्सएमएलने मागवावी लागतात. शिवाय टॅली ३२ बिटची आणि पॉवर बीआय ६४ बिटचं असेल तर ड्रायव्हर दिसतच नाही, आणि माणूस अर्धा दिवस चूक भलतीकडेच शोधतो. पार्टीची यादी आणायला वापरा, बिलांसाठी आधी एक्सेल. रिपोर्ट उपयोगी पडतोय असं दिसलं की मग नळजोडणीचा खर्च.

कोयनाकाठ

बसवलं. एप्रिलपासूनच्या फाइली एका फोल्डरमध्ये टाकल्या आणि "फोल्डर"मधून जोडून कम्बाइन केलं. टॅलीच्या फाइलीत वर कंपनीचं नाव, पत्ता, कालावधी अशा ओळी येतात, त्या काढल्या. खालची ग्रँड टोटल गाळली. एक गंमत: दुसऱ्या खिडकीत एक्सेल फाइल उघडी होती तर त्याची ती "~$" वाली सावली फाइलपण ओढली गेली आणि एरर आला. नावात ते चिन्ह असेल तर गाळ, असा फिल्टर लावला.

पण दोन भानगडी आहेत. टॅलीच्या कॉलमनरमध्ये विक्रीची प्रत्येक लेजर वेगळ्या कॉलममध्ये येते. आमच्याकडे ५ टक्के, १२ टक्के, १८ टक्के अशा तीन आहेत. सप्टेंबरनंतरच्या फाइलींत १२ चा कॉलमच नाही. आणि जुन्या सीएसव्हीत प्रत्येक महिन्याच्या १३ तारखेपासून पुढे सगळे एरर. आधीच्या १२ तारखा व्यवस्थित आहेत.

आकडेबहाद्दर

आधीच्या बारा व्यवस्थित *दिसतात*. ५ एप्रिल हा ४ मे झालेला आहे, बघा तपासून. तुमच्या विंडोजची भाषा अमेरिकन असणार आणि फाइल बहुतेक सेटिंग बदलण्याआधी उघडलेली. १३ वा महिना नसतो म्हणून तिथे बोंब झाली. ती बोंब झाली हे नशीब समजा, कारण पहिल्या बारा दिवसांनी काहीच आवाज केला नसता. तो आपोआप लागलेला "चेंज्ड टाइप" टप्पा पुसून टाका, तारखेच्या कॉलमवर राइट क्लिक, चेंज टाइप, यूझिंग लोकेल, प्रकार तारीख, लोकेल इंग्लिश (इंडिया). टॅलीच्या एक्सेलमध्ये तारीख खरी तारीख म्हणूनच येते, तिथे हा घोळ नाही. सीएसव्हीत ती नुसती अक्षरं असतात.

आता कॉलमचं. कम्बाइन करताना पॉवर बीआय एक फाइल नमुना म्हणून धरतं आणि तिच्यात जे कॉलम आहेत तेवढेच सगळ्या फाइलींतून उचलतं. उद्या तुम्ही नवी लेजर उघडली तर तिचा कॉलम न सांगता गळेल, एररही येणार नाही. त्यामुळे डावीकडे क्वेरींच्या यादीत "ट्रान्सफॉर्म सॅम्पल फाइल" आहे तिच्यात जा. वरच्या ओळी तिथेच काढा, शीर्षक तिथेच चढवा. मग तारीख, पार्टी, बिल नंबर, जीएसटी नंबर हे कॉलम निवडून "अनपिव्होट अदर कॉलम्स". सगळ्या रकमा उभ्या येतील: एका कॉलममध्ये लेजरचं नाव, शेजारी रक्कम. फाइली जोडल्या जातात त्या यानंतर, त्यामुळे कुठल्या महिन्यात किती लेजर आहेत याने फरक पडत नाही. जोडल्यावर फक्त विक्रीच्या लेजर ठेवा. ग्रॉस टोटल, सीजीएसटी, एसजीएसटी, राउंड ऑफ सगळं गाळा.

चहाबाज

वाखु (वाचनखूण) साठवली. हे अनपिव्होट प्रकरण तीन कोर्स करून कळलं नव्हतं.

ताळेबंद

सीए आहे, सांगलीत प्रॅक्टिस करते, म्हणून एक गोष्ट हात वर करून सांगते. वर "ग्रॉस टोटल गाळा" म्हटलंय ते नुसतं साफसफाईसाठी नाही. ग्रॉस रकमेत जीएसटी असतो, आणि तो तुमचा नव्हे, सरकारचा. यंदा तर यावरून मोठीच फसगत होते. २२ सप्टेंबर २०२५ पासून बिस्किटं, साबण, केसांचं तेल १८ वरून ५ टक्क्यांवर आलं, फरसाण १२ वरून ५ वर. शंभर रुपयांच्या बिस्किटांचं बिल आधी ११८ चं व्हायचं, आता १०५ चं. माल तितकाच गेला तरी बिलाच्या रकमेवर काढलेला रिपोर्ट ११ टक्के घट दाखवेल आणि काका विनाकारण सेल्समनवर डाफरतील. करपात्र रक्कमच धरायची.

आणि भाऊ, पहिला चार्ट काढण्याआधी एक काम करा. कोऱ्या पानावर एक कार्ड ठेवा, त्यात एका महिन्याची एकूण विक्री. शेजारी टॅलीचं त्याच महिन्याचं प्रॉफिट अँड लॉस उघडा, सेल्स अकाउंट्सचा आकडा बघा. रुपयाला रुपया जुळेपर्यंत पुढे जायचं नाही. "थोडाफार फरक आहे" म्हणून पुढे गेलेला रिपोर्ट एकदा खोटा पडला की काका पुन्हा वहीकडे जातात, आणि त्यात त्यांची काही चूक नसते.

कोयनाकाठ

ताई, तुम्ही म्हणालात तसं केलं. नाही जुळत. सप्टेंबर: टॅलीत ४२,१६,३८०, माझ्याकडे ४३,०१,९२५.

ताळेबंद

८५,५४५ चा फरक. क्रेडिट नोट रजिस्टरची बेरीज बघा बरं. डॅमेज, एक्सपायरी, माल परत. सेल्स रजिस्टरमध्ये फक्त विक्रीची व्हाउचर येतात, प्रॉफिट अँड लॉस परतावा वजा करून दाखवतं.

कोयनाकाठ

तंतोतंत ८५,५४५! ताई, नंबर न बघता सांगितलंत.

क्रेडिट नोटचं वेगळं फोल्डर केलं, तीच साफसफाई, रक्कम उणे केली, आणि अपेंड करून विक्रीच्याच टेबलाला जोडलं. एप्रिलपासूनचे सगळे महिने जुळले.

आकडेबहाद्दर

छान. अपेंड करताना "प्रकार" नावाचा कॉलम ठेवला ना? बिल की परतावा? नसेल तर आत्ताच टाका, थोड्या वेळात लागणार आहे.

आता मॉडेल. विक्रीच्या टेबलाला दोन टेबलं जोडायची. एक पार्टी मास्टर: दुकान, बीट, सेल्समन, गाव. दुसरं कॅलेंडर. बीट आणि सेल्समन विक्रीच्या प्रत्येक ओळीत लिहीत बसू नका. सेल्समनची बीट बदलली की पंचाईत. कॅलेंडर टेबल नवीन टेबल करून, १ एप्रिल २०२३ ते ३१ मार्च २०२६ अशा तारखा देऊन बनवा आणि त्याला "मार्क ॲज डेट टेबल" करा. आर्थिक वर्षाचा कॉलम: महिना ४ किंवा जास्त असेल तर तेच साल, नाहीतर एक वजा. आणि महिन्याचा क्रमांक एप्रिल १, मार्च १२ असा वेगळा ठेवून महिन्याच्या नावाला "सॉर्ट बाय कॉलम"ने त्यावर लावा. नाहीतर मराठी नावं लिहिलीत तर एप्रिल, ऑक्टोबर, ऑगस्ट, जानेवारी अशी वरात निघते.

एप्रिलपासूनची बेरीज टोटल वाय-टी-डी या फंक्शनने काढाल तेव्हा शेवटी वर्षअखेर "३१-३" द्यायला विसरू नका. न दिल्यास ते ३१ डिसेंबर धरतं.

कोयनाकाठ

पार्टी मास्टर जोडताना म्हणतं की दुकानाच्या नावात डुप्लिकेट आहेत, एकास-अनेक नातं होत नाही. पण मी पॉवर क्वेरीत "रिमूव्ह डुप्लिकेट्स" केलंय! परत केलं, तरी तेच.

आकडेबहाद्दर

पॉवर क्वेरीला कॅपिटल-स्मॉल अक्षरांचा फरक कळतो, मॉडेलला कळत नाही. तुमच्या यादीत एखादं किराणा दुकान एकदा सगळं कॅपिटलमध्ये आणि एकदा पहिलं अक्षर कॅपिटल असं असणार. पॉवर क्वेरीला ती दोन वाटतात म्हणून ठेवते, मॉडेलला एकच वाटतं म्हणून अडतं. नाव आधी ट्रिम करा, मग सगळं अपरकेस करा, मग डुप्लिकेट काढा. हेच विक्रीच्या टेबलातल्या पार्टीच्या नावालाही करा.

आणि खरं म्हणजे नावावर जोडूच नये. टॅलीत लेजरला एलियास (दुसरं नाव) देता येतं, तिथे प्रत्येक दुकानाला कोड द्या. नऊशे दुकानांना वेळ लागेल, पण एकदाच.

पिव्होटपंत

हे सगळं होईतो काका स्कूटरवर जाऊन नऊशे दुकानं बघून आले असते.

ताळेबंद

@पिव्होटपंत :) एकदा बघून येतील हो. दर सोमवारी कोण जाणार?

आकडेबहाद्दर

आता काकांचा प्रश्न. इथे बहुतेक लोक चुकीच्या टोकाने सुरुवात करतात. ते या महिन्याची विक्री दुकानवार लावतात आणि सर्वांत कमी कोण ते बघतात. पण ज्याने माल घेणं बंद केलं त्याची या महिन्यात ओळच नाही. तो यादीत तळाला नसतो, यादीतच नसतो. म्हणून सुरुवात पार्टी मास्टरपासून करायची.

तीन मेजर (मोजमापाची सूत्रं) करा. पहिलं, शेवटचं बिल: विक्रीच्या टेबलातली मोठ्यात मोठी तारीख, पण कॅल्क्युलेट वापरून प्रकार = बिल एवढ्याच ओळींवर. तो "प्रकार" कॉलम यासाठीच हवा होता. दुकान सोडून जाताना पडलेला माल परत करतं, म्हणजे सोडल्यानंतर त्याची क्रेडिट नोट येते. ती धरली तर जे दुकान गेलं तेच रिपोर्टमध्ये सर्वांत ताजं दिसेल.

दुसरं, डेटाची शेवटची तारीख: तीच मोठी तारीख, पण विक्रीच्या पूर्ण टेबलावर ऑल (सगळे फिल्टर बाजूला ठेवणारं फंक्शन) लावून. आजची तारीख देणारं टुडे वापरू नका. तुम्ही फाइल आठवड्यातून एकदा टाकणार, टुडे वापरलं तर शनिवारपर्यंत सगळी दुकानं चार-पाच दिवस जास्त थंड दिसतील.

तिसरं, दुसऱ्यातून पहिलं वजा. झाले बिल नसलेले दिवस.

आता किती दिवस झाले म्हणजे "बंद" धरायचं? हे काका सांगतील, मी नाही.

कोयनाकाठ

काका म्हणतात की कराड गावातली बीट आठवड्याला, पाटणकडची पंधरा दिवसांनी. एकच आकडा लावला तर पाटणची सगळी दुकानं लाल होतील.

आकडेबहाद्दर

म्हणून बीटचं वेगळं छोटं टेबल करा: बीट, फेरी किती दिवसांनी. ते पार्टी मास्टरला जोडा. तीन फेऱ्या चुकल्या की लाल, दोन चुकल्या की पिवळं. मेजरमध्ये दिवसांना फेरीच्या दिवसांनी भागायचं, भागाकार डिव्हाइडने, म्हणजे फेरी रिकामी राहिली तरी पान बोंबलत नाही. रंग कंडिशनल फॉरमॅटिंगमधून.

पान एकच ठेवा. वर तीन कार्ड: या वर्षीची विक्री, गेल्या वर्षी याच काळातली, लाल दुकानं किती. डावीकडे बीटवार मॅट्रिक्स. उजवीकडे लाल-पिवळ्या दुकानांची यादी: दुकान, सेल्समन, शेवटचं बिल, बंद होण्याआधी महिन्याला सरासरी किती घ्यायचं. क्रम या शेवटच्या कॉलमवर लावा, म्हणजे काकांनी आधी कुणाकडे जायचं ते वर येईल. पाय चार्ट काढलात तर धाग्यावर पुन्हा येणार नाही.

रकमा लाखात दाखवायच्या तर विक्रीला एक लाखाने भागून "विक्री (लाख)" असं वेगळंच मेजर करा. कार्डाच्या डिस्प्ले युनिटमध्ये हजार, मिलियन, बिलियन आहेत. काकांना चार पॉइंट दोन मिलियन सांगून बघा, काय म्हणतात ते.

ताळेबंद

गेल्या वर्षाशी तुलना करताना एक ध्यानात ठेवा. लक्ष्मीपूजन २०२३ ला १२ नोव्हेंबरला होतं, २०२४ ला १ नोव्हेंबरला, २०२५ ला २१ ऑक्टोबरला. फराळाचा, साबणा-तेलाचा माल दुकानांत त्याआधी दोन-तीन आठवडे भरतो. ऑक्टोबरला ऑक्टोबर लावून काहीही सिद्ध होत नाही. सप्टेंबर ते नोव्हेंबर एकत्र धरा.

आणि पुढे उधारीचा रिपोर्ट करालच, म्हणून आत्ताच सांगते. टॅलीतून येणी-देणी एक्सेलमध्ये काढली की बाकीपुढे डीआर, सीआर दिसतं. ते सेलच्या फॉरमॅटमध्ये असतं, आकड्यात नाही. पॉवर क्वेरी नुसता आकडा उचलते आणि ज्याचे आपण देणे लागतो तोही येण्यात मिळवला जातो. डेबिट आणि क्रेडिट वेगळ्या कॉलममध्ये येतील असाच रिपोर्ट काढा, ट्रायल बॅलन्ससारखा.

म्हापशेकर

आम्ही गेली दोन वर्षे येणी जास्त का दिसतात म्हणून डोके खाजवत होतो. ताई, दंडवत.

कोयनाकाठ

पान तयार झालं. काकांच्या मोबाइलवर कसं द्यायचं? पब्लिश केलं तर जीमेल चालत नाही म्हणतं.

आकडेबहाद्दर

पॉवर बीआय सर्व्हिसला (पब्लिश केलेला रिपोर्ट जिथे जातो ती ऑनलाइन जागा) कामाचं खातं लागतं, स्वतःच्या डोमेनचं मायक्रोसॉफ्ट ३६५ असेल तर झालं. फुकट परवान्यावर तुम्ही स्वतःच्या वर्कस्पेसमध्ये टाकून स्वतः बघू शकता. दुसऱ्याला शेअर करायला देणारा आणि घेणारा दोघांनाही प्रो लागतं, एप्रिल २०२५ पासून माणशी महिना १४ डॉलर. एका काकांसाठी हा खर्च आत्ता नको.

सर्व्हिसमध्ये "पब्लिश टू वेब" असा एक फुकट पर्याय दिसेल. त्याच्या वाटेला जाऊ नका. ती लिंक ज्याच्या हाती पडेल त्याला लॉगिनशिवाय सगळं दिसतं. तुमच्या नऊशे दुकानांची यादी, कोण किती घेतो, सगळं. समोरच्या एजन्सीला घरपोच सेवा.

सध्या डेस्कटॉपमधूनच फाइल, एक्स्पोर्ट, पीडीएफ, आणि ती व्हॉट्सॲपवर. सोमवारी सकाळी टॅलीतून त्या महिन्याची फाइल त्याच नावाने पुन्हा काढून फोल्डरमधली बदलायची, रिफ्रेश दाबायचं, सप्टेंबरसारखा एक आकडा टॅलीशी ताडून बघायचा आणि पाठवायचं. पुढे प्रो घेतलंत तर दिवसातून आठ वेळा आपोआप रिफ्रेश लावता येतं, पण फाइली लॅपटॉपवर असतील तर गेटवे (त्या फाइली सर्व्हिसपर्यंत पोचवणारा प्रोग्रॅम) बसवून लॅपटॉप चालू ठेवावा लागतो. फाइली वनड्राइव्ह फॉर बिझनेसवर ठेवल्या तर गेटवे नको.

कोयनाकाठ

पीडीएफ पाठवली. काकांनी चष्मा लावून वाचली, मग उंब्रजच्या यादीवर बोट ठेवून म्हणाले, "हे दुकान बंद नाही. म्हातारा घरी बसला, पोरगं बघतंय. त्यानं नवीन नावानं जीएसटी काढलाय." खरंच, नव्या लेजरवर दर आठवड्याला बिल आहे. मसूरला असंच एक निघालं, दोन भावांची वाटणी झालेली. बाकीची मात्र खरी निघाली. पाटणच्या वरच्या तीन दुकानांकडे काका उद्या स्वतः चाललेत, सेल्समनला न सांगता.

या नाव बदललेल्यांचं काय करायचं? टॅलीत लेजर मर्ज करू का?

ताळेबंद

अजिबात नाही. जीएसटी नंबर वेगळे, म्हणजे कायद्याने दोन वेगळ्या पार्ट्या. रिटर्न भरून झालेली आहेत. टॅलीला हात लावू नका.

आकडेबहाद्दर

पार्टी मास्टरमध्ये "मूळ दुकान" असा कॉलम वाढवा. नव्या लेजरपुढे जुन्या दुकानाचा कोड, बाकी सगळ्यांपुढे स्वतःचाच. रिपोर्टमधली यादी आणि मेजर या कॉलमवर घ्या. मसूरच्या भावांचं थोडं वेगळं आहे, तिथे एकाची दोन झालीत. ज्या भावाकडे जुनी जागा आहे त्याला जुना कोड, दुसऱ्याला नवीन.

कोयनाकाठ

जागा कुणाकडे आहे ते काकांना विचारतो. त्यांना ते माहीत असणारच, आणि त्याबरोबर वाटणीची सगळी गोष्टही ऐकावी लागणार.